बिघडत्या हार्ड डिस्कच्या ‘दुरुस्ती’विरुद्ध

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बऱ्याचदा एका झटक्यात जात नाही. आधी ती रेंगाळते. विंडोज सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे लागतात, एखादा फोल्डर उघडताना सगळा पडदा गोठतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे शंभर टक्के दिसतात आणि वाचनाचा वेग मात्र शून्याच्या आसपास घुटमळतो. अशी डिस्क कधी आठवडाभर चालते, कधी काही महिनेही. आतला डेटा हाती लागतो की जातो, हे त्या मुदतीत मालकाने आणि दुकानदाराने काय केले यावर ठरते. आणि नेमका याच मुदतीसाठी सर्रास दिला जाणारा सल्ला उलटा आहे. आधी विंडोजमधली चेक डिस्क चालवा. बॅड सेक्टर निघाले नाहीत तर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका. तरीही जमले नाही तर लॅपटॉप जुनाच झालाय, नवा घ्या. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या डेटा घालवतात आणि तिसरी चांगले यंत्र भंगारात धाडते.

नवी मुंबईतल्या नेरूळमध्ये हा प्रश्न किती घरांत शिरतो हे वस्तीकडे पाहिले तरी कळते. रामराव आदिक, एसआयईएस आणि तेरणा ही तीन अभियांत्रिकी महाविद्यालये या एका नोडमध्ये आहेत. थोरल्या भावाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो आणि तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत ओढला जातो. सिडकोने आखलेल्या सेक्टरांत सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे. संस्थेचा टॅलीतला हिशेब, देखभाल खर्चाची बिले, सभासदांच्या ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या नोंदवह्यांच्या प्रती, सभांची इतिवृत्ते हे सारे पुष्कळदा सेक्रेटरीच्या घरच्या लॅपटॉपवर असते. त्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा केव्हाच मेलेली असते आणि तो थेट अडॅप्टरवर चालतो. पावसाळ्यात लाइट गेली की डिस्कला सावरायला क्षणभरही मिळत नाही: तबकडी थांबण्यापूर्वी उरलेल्या गतीतून जेवढी वीज निघेल तेवढ्यावर डेटा वाचणारे-लिहिणारे हेड कसेबसे कडेच्या रॅम्पवर चढतात. असे आणीबाणीचे पार्किंग डिस्क जितक्या वेळा सोसते ती मर्यादा नेहमीच्या पार्किंगपेक्षा फारच कमी असते. मेलेली बॅटरी ‘चालतंय ना’ म्हणून तशीच ठेवणे म्हणजे तिचा खर्च हार्ड डिस्कच्या आयुष्यातून वसूल करणे.

‘दुरुस्ती’ या शब्दाखाली डिस्कच्या आत काय घडते हे पाहिल्याशिवाय प्रतिवाद पुरा होत नाही. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिचे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे ९७ कोटी ६७ लाखांहून अधिक सेक्टर असतात. त्यातला एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही तर डिस्क हेड किंचित सरकवून, पुन्हा-पुन्हा, कित्येक सेकंद प्रयत्न करत राहते. गोठलेला पडदा म्हणजे हीच धडपड. व्हायरस, कमी रॅम, जुने विंडोज अशी निदाने तोवर होऊन गेलेली असतात आणि रॅम वाढवूनही झालेली असते.

प्रयत्न फसले की डिस्क त्या सेक्टरची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून करते. इथेच सगळ्या वादाचे मर्म आहे. पेंडिंग सेक्टर नुसता वाचून सहसा बरा होत नाही. त्यावर नवे काही लिहायची वेळ येते तेव्हा डिस्क त्याचा निकाल लावते: लिहिलेले टिकले तर सेक्टर पुन्हा वापरात येतो, नाही टिकले तर त्याच्या जागी राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर जोडला जातो. दोन्ही प्रकारांत आधीचा मजकूर गेलेला असतो. म्हणून ‘बॅड सेक्टर रिपेअर’ करून देणारे सॉफ्टवेअर जेव्हा हिरवी खूण दाखवते, तेव्हा बहुतेक वेळा त्याने त्या जागेवर लिहून टाकलेले असते. डिस्क स्वच्छ दिसते, कारण जे वाचायचे राहिले होते ते आता तिथे नसते. ‘लो लेव्हल फॉरमॅट’चेही तेच. तबकडीवरच्या मार्गदर्शक सर्वो खुणा कारखान्यातच लिहिल्या जातात आणि दुकानातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरला त्या पुन्हा लिहिता येत नाहीत. या भारदस्त नावाखाली होते ते एवढेच की सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्ये भरली जातात.

चेक डिस्कच्या बाजूने एक रास्त मुद्दा आहे आणि तो मान्य करायला हवा. डिस्क धडधाकट असेल, नुसती लाइट गेल्यामुळे फाइलींच्या नोंदी विस्कटल्या असतील, तर चेक डिस्कच योग्य औषध आहे. ते त्यासाठीच बनवले आहे. अडचण अशी की मालकाला दोन्ही आजारांत लक्षण एकच दिसते, विंडोज उघडत नाही. आणि आजार दुसरा असेल तर चेक डिस्क दोन प्रकारे घात करते. ‘आर’ हा पर्याय दिला की ती सगळी डिस्क सेक्टरमागून सेक्टर वाचत जाते, म्हणजे दुबळ्या हेडला सर्वांत खराब भागावर सर्वांत जास्त वेळ घासायला लावते. शिवाय जी नोंद वाचता आली नाही ती तिच्या लेखी बिघडलेली नोंद ठरते. मग फोल्डरचे दुवे तोडले जातात आणि उरलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये क्रमांक घालून टाकले जातात. डेटा तबकडीवर शाबूत असतो, त्याचा पत्ता मात्र चेक डिस्कने स्वतःच्या हाताने पुसलेला असतो.

हा पत्ता किती मोलाचा असतो ते मराठी कामाच्या लॅपटॉपवर विशेष जाणवते. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा हिशेब आकड्यांचे नाव असलेल्या एका फोल्डरमध्ये, एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइलींत असतो. त्यातल्या सुट्या दोन-चार फाइली मिळाल्या तरी ताळेबंद उभा राहत नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेल्या पत्रांची आणि स्मरणिकांची गत आणखी वाईट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या या पद्धतीवर महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पण तो मजकूर युनिकोड नाही. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो आणि ‘वार्षिक सभा’ असे शोधून काहीही सापडत नाही. फोटोरेकसारखे रिकव्हरी सॉफ्टवेअर फाइली त्यांच्या सुरुवातीच्या ठेवणीवरून ओळखून उचलते, मूळ नावे आणि फोल्डर सोडून देते, आणि एक इंग्रजी अक्षर व पुढे आकडे अशा नावांच्या हजारो फाइलींचा ढीग पुढ्यात टाकते. फोटोंचा असा ढीग डोळ्यांनी तरी चाळता येतो. श्री-लिपीतल्या पत्रांच्या ढिगात बसणाऱ्याचा महिना जातो.

फॉरमॅटबद्दल फार लिहायला नको. पूर्वी विंडोजचे पूर्ण फॉरमॅट केवळ नवी नोंदवही मांडून पृष्ठभाग तपासत असे, त्यामुळे ‘फॉरमॅट मारले तरी डेटा काढता येतो’ ही समजूत रुजली. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहिते. क्विक फॉरमॅटनंतर आशा उरते, पण त्यावर नवीन विंडोज टाकले की वीस-तीस जीबी नवा मजकूर जुन्यावर कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही. दुकानदाराला एकट्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. काउंटरवर येणारे गिऱ्हाईक ‘चालू करून द्या’ म्हणते. ‘आत काय आहे ते आधी काढा’ असे फार थोडे जण म्हणतात. पावतीवर ‘डेटाची जबाबदारी नाही’ छापलेले असते आणि कोणी वाचत नाही.

या सल्ल्याचा दुसरा आधार म्हणजे ‘हेल्थ गुड दाखवतंय’. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवते, त्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या पाहता येतात. तिथे निळ्या चौकटीतले ‘गुड’ वाचून थांबणे चूक आहे. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहायच्या: बदललेले सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि न वाचता आलेले सेक्टर. उजवीकडचे आकडे मुळात सोळा-आधारी (हेक्साडेसिमल) पद्धतीतले असतात, त्यामुळे ‘१०’ दिसले तर सेक्टर सोळा आहेत. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्यांच्या तुलनेत ३९ पट होती. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर चार ठळक खुणांपैकी एकही नव्हती. हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात: आकडा वाईट असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवावा, चांगला असेल तर निर्धास्त होऊ नये. शिवाय गूगलच्या त्या डिस्क सर्व्हरमध्ये एका जागी बसलेल्या होत्या. हार्बर लाइनच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकमध्ये स्लीप मोडवर राहून सीएसएमटी गाठणाऱ्या नव्हत्या.

याच यादीतली सी७ ही ओळ उलट्या बाजूचा अन्याय उघड करते. तिच्यातला आकडा वाढत असेल आणि वरच्या तिन्ही ओळी शून्यावर असतील तर दोष बहुधा तबकडीत नसून डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या केबलमध्ये असतो. पातळ चपटी केबल वर्षानुवर्षे उष्णतेत आणि खाडीकाठच्या दमट हवेत राहून दगा देते. ‘हार्ड डिस्क गेली’ असे सांगून नवी डिस्क गळ्यात मारण्यापूर्वी ही एक ओळ पाहण्यास दोन मिनिटे लागतात.

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो. त्याला इतिहास आहे. जुन्या काही डिस्कमध्ये हेड तबकडीवरच विसावत असे आणि कधी तिथेच चिकटून बसे; थंडीने धातू आकसला की ते सुटायचे. लॅपटॉपच्या आजच्या डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेर रॅम्पवर जाऊन बसते. त्यामुळे आजार उरला नाही, उपाय तेवढा उरला. आणि डिस्कची पेटी हवाबंद नसते, तिला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते. जुलैतल्या नेरूळच्या हवेत फ्रीझरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर दव धरते ते बाहेर आणि आत दोन्हीकडे. सर्किट बोर्ड बदलण्याची युक्तीही अशीच कालबाह्य झाली आहे. प्रत्येक डिस्कची कारखान्यात ठरवलेली मोजमापे तिच्याच बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असतात. तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता लावून डिस्क बोलू लागत नाही, चिप काढून बसवावी लागते.

टक-टक असा ठराविक लयीतला आवाज येत असेल तर मात्र कोणताच घरगुती उपाय चालत नाही. हेड सर्वो खुणा शोधत तबकडीवर येते, त्या सापडत नाहीत, परत रॅम्पवर जाते, पुन्हा येते. दर फेरीला ते पृष्ठभागावर टेकण्याचा धोका असतो. अडीच इंची डिस्कची तबकडी सहसा काचेची असते आणि चुंबकीय थर तिच्यावर अत्यंत पातळ बसवलेला असतो. हेड घासत राहिले तर तो थर भुकटी होऊन निघतो. अशी डिस्क प्रयोगशाळेत उघडल्यावर तबकडीवर आरपार दिसणारी पारदर्शक वर्तुळे आढळतात. तिथला मजकूर परत आणणारे तंत्र नाही. ‘एकदा अजून लावून बघू’ या वाक्याची किंमत ती वर्तुळे सांगतात. अशी डिस्क, किंवा जिचे नाव वा क्षमता चुकीची दिसते ती, बंद करून स्वच्छ कक्ष असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेतच द्यावी. घनफूटभर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे जास्तीत जास्त शंभर कण, ही अशा कक्षाची रूढ पातळी. पंख्याखालच्या टेबलावर झाकण उघडणाऱ्याकडे ती देऊ नये, मग तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कितीही नावाजलेला असो.

आवाज करत नसलेल्या, पण रेंगाळणाऱ्या डिस्कसाठी योग्य क्रम साधा आहे. लॅपटॉप बंद करायचा आणि त्या डिस्कवरून विंडोज पुन्हा सुरू करायचे नाही, कारण विंडोज सुरू होताना आणि चालताना सतत लिहीत असते: पेजफाइल, अपडेट, अँटिव्हायरस. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची, किंवा त्याच लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायचे. मग डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रामने संपूर्ण डिस्कचा क्लोन, तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा. अँटोनियो दियाझ दियाझ यांचा हा प्रोग्राम चेक डिस्कच्या नेमका उलट वागतो. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतो, अडखळला की पुढे उडी मारतो, आणि खराब तुकड्यांकडे सर्वांत शेवटी, कडेकडेने आत जात वळतो. काय झाले आणि काय उरले याची नोंद तो वेगळ्या मॅप फाइलमध्ये ठेवतो, म्हणून मध्येच थांबवून, डिस्क थंड होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. मूळ डिस्कवर तो काहीही लिहीत नाही. चेक डिस्क, फोटोरेक, टेस्टडिस्क, जे काही चालवायचे ते त्यानंतर आणि क्लोनवर. मूळ डिस्कपेक्षा क्लोन बिघडवणे स्वस्त पडते.

वेळेचा अंदाज आधी असावा. सेकंदाला ८० एमबीच्या वेगाने ५०० जीबीची निरोगी डिस्क पावणेदोन तासांत उतरते. जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी २ पोर्टमधून ३० एमबीच्या वेगाने तिलाच साडेचार तासांहून अधिक लागतात, आणि आजारी डिस्कला दिवस लागू शकतो. दुकानदाराने ‘अर्ध्या तासात देतो’ म्हटले तर तो क्लोन घेणार नाही हे तिथेच कळते. डिस्कवर बिटलॉकरचे एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून ठेवावी. तिच्याशिवाय निर्दोष क्लोनही निरुपयोगी आहे. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

आता तिसरी पायरी, नवा लॅपटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात, हे या सल्ल्याला मिळालेले नवे बळ. पण हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे, डिस्क बिघडण्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही एकत्र करून सांगितले की गिऱ्हाईक गोंधळते आणि लॅपटॉप विकला जातो. कीबोर्ड, पडदा आणि मदरबोर्ड शाबूत असलेल्या यंत्रात साटा एसएसडी बसवली की ते बहुतेक कामांना पहिल्याहून वेगवान होते. खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने थोडा. विंडोज ११ नाकारणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून टायपिंग, ब्राउझर आणि ऑनलाइन बँकिंग चालते. टॅली आणि श्री-लिपी यांना विंडोज लागतेच, तिथे हा मार्ग तोकडा पडतो आणि ते सांगून टाकलेले बरे. बिजागरी तुटलेला, चार्जिंगचा पिन सैल झालेला, मदरबोर्ड दोनदा दुरुस्त झालेला लॅपटॉप असेल तर नवा घेण्यावर आक्षेप नाही.

एसएसडी बसवल्यावर बॅकअपची गरज संपली, हा त्याच दुकानात मिळणारा शेवटचा गैरसमज. एसएसडी टक-टक करत नाही. बऱ्याचदा ती कोणतीही पूर्वसूचना न देता एका सकाळी दिसेनाशी होते. तिच्यात पुसलेली फाइल ट्रिम या आज्ञेमुळे थोड्याच वेळात खरोखर नाहीशी होते, रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही उरत नाही. आणि ती विजेविना कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तू नव्हे: जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनाची मर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा असते. गृहनिर्माण संस्थेचा हिशेब असेल तर एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी क्लाउडवर किंवा खजिनदाराच्या घरी, दर महिन्याची बिले काढली की त्याच दिवशी.

राहते जुनी डिस्क. क्लोनमधला टॅलीचा फोल्डर उघडून ताळेबंद जुळेपर्यंत आणि फोटोंचे दोन-चार फोल्डर प्रत्यक्ष पाहून होईपर्यंत ती लेबल लावून ठेवावी. त्यानंतर ती एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारवाल्याकडे जाऊ नये. बिघडत्या डिस्कवर शून्ये भरूनही, बदलून बाजूला टाकलेल्या सेक्टरांतला मजकूर तसाच राहू शकतो, आणि त्यात सभासदांचे पॅन क्रमांक व आधारच्या प्रतीही असू शकतात. डिस्क जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून, हातोडीने आतली काच फुटेपर्यंत ठोकावी आणि मग ई-कचऱ्यात द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रातच पोहोचायला हवी.